पॉवर स्विचची वायर

भूतबित असला विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठणारा माणूस मी. बोळिंजला राहतो, सर्व्हर बांधण्यात वीस वर्षं गेली. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

माझा मित्र सावियो. वसई पश्चिमेला वाडीत घर. आईची घरातली बोली, तिची गाणी, तिच्या गोष्टी त्याने तासन्‌तास रेकॉर्ड केल्या होत्या. आई गेली. वर्ष भरत आलं आणि ते सगळं ज्यावर ठेवलं होतं, त्या घरच्या सर्व्हरचा बोर्ड नेमका जळला. डिस्क शाबूत होत्या, पण दुसरी कॉपी नाही.

"करणार होतो रे..." एवढंच म्हणाला. मी त्याला चार शिव्या घातल्या. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये आईसाठी वर्षाची मिस्सा होती, आणि नंतर सगळ्या नातेवाइकांना तिचा आवाज ऐकवायचं त्याने कबूल केलं होतं.

बोर्ड मीच निवडला – दोन प्रोसेसरचा. सावियो म्हणाला, "सध्या एकच प्रोसेसर बसव ना."

"वेडा आहेस का? दुसरं सॉकेट रिकामं ठेवलं तर निम्मे स्लॉट मेलेले. तुझ्या डिस्कचं कार्ड काय डोक्यावर लावू?"

दुपारी तीनच्या सुमारास बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला. पहिल्यांदा चालू करताना डिस्क काढून ठेवायच्या, हा माझाच नियम. पण सावियो घायकुतीला आलेला, आणि मला माझ्या हाताची घमेंड. जोडूनच ठेवल्या. सवयीप्रमाणे आतला फोटो काढला, झाकण स्क्रूने बंद केलं, बटण दाबलं.

काहीच नाही. पंखासुद्धा हलला नाही.

झाकण उघडलं, तर पॉवर स्विचची बारीक वायर बोर्डावरून निघालेली. फोटोत मात्र ती नीट बसलेली दिसत होती! म्हटलं, सैल असेल. पुन्हा लावली, ओढून बघितली, झाकण बंद केलं. बटण दाबलं... तेच. उघडलं, वायर बाहेर. आता माझं डोकं फिरलं. तिसऱ्यांदा वायर बसवली, वर चिकटपट्टी लावली, झाकण आवळलं. दोघेही समोरून हललो नाही.

पुन्हा काहीच नाही. झाकण काढलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. चिकटपट्टी जागच्या जागी, पण वायर निघालेली. नुसती निघालेली नाही – नीट गुंडाळून केळीच्या सोपटाने, खोडाच्या सालीच्या पट्टीने, बांधलेली. सोपट ओलं होतं.

"थट्टा करतोस का रे?" मी ओरडलो.

सावियोने छातीवर क्रूस काढला. "वाडीतल्या केळी जाऊन किती वर्षं झाली... आई भाजीच्या जुड्या अशा बांधायची. दोन वेढे आणि गाठ आत." मग एकदम म्हणाला, "बोर्ड काढ."

"कशाला?"

"मला माहीत नाही. तू काढ!"

काढला. खाली जुन्या बोर्डाची एक पितळी खुंटी तशीच उभी होती. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून लावतात, त्यातली. नव्या बोर्डाला त्या जागी भोकच नाही, ती थेट मागच्या सोल्डरच्या टाक्यांना भिडलेली. बटण लागलं असतं तर बोर्ड जळलाच असता, डिस्कही बहुतेक वाचल्या नसत्या. वीस वर्षं हे काम करणारा मी, आणि ही चूक!

खुंटी काढली, बोर्ड पुन्हा बसवला, वायर लावली. या वेळी डिस्क सोडवून. सुरू झाला. मग डिस्क जोडल्या. सावियोने पहिली फाइल लावली आणि आई कुणाला तरी रागावत असलेली ऐकू आली. तो टेबलावर डोकं ठेवून पोरासारखा रडला. मी सगळ्यात आधी दुसरी कॉपी करायला घेतली.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर खुशाल सांगा. एक मात्र कबूल करतो. निघताना सावियो गेट उघडायला पुढे गेला, तेव्हा मी त्या रिकाम्या खोलीत उभा राहून म्हणालो, "चुकलो हो मावशी. येतो."