मार्था टीचर आणि चवळीचा मध

मार्था टीचर वर्गात यायच्या त्या हातात चवळीचा वेल घेऊन, आणि वेलावर हमखास मुंग्या असायच्या. डबीतली हिरवी अळी त्या वेलावर सोडून त्या पोरांना बजावत, "कुणी तोंड फिरवायचं नाही." मुंग्या तुटून पडत. अळी वळवळायची, फुटायची, हिरवं पाणी टेबलावर ओघळायचं. मग टीचर शांतपणे खडू उचलत. "फुलं आणि किडे यांच्या प्रेमाच्या गोष्टी विसरा. हा पगारी पहारा आहे."

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वसईतल्या आमच्या कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवत, मी रसायनशास्त्र. एका दुपारी त्यांनी माझ्या प्रयोगशाळेत येऊन चवळीचा देठ सरळ माझ्या तोंडासमोर धरला. "चाटा, सर." फुलात नव्हे, फुलाच्या देठावर बाहेरच इवलासा थेंब होता. गोड लागला.

"फुलातला मध भुंग्यांना, परागांसाठी. हा बाहेरचा मुंग्यांना, अळ्या मारायला. यात साखरेशिवाय काय आहे, तेवढं तुम्ही सांगा."

मी दुसरा थेंब गाळणकागदावर टिपला, त्यावर निनहायड्रिन टाकलं आणि कागद गरम केला. जांभळा डाग उमटला. म्हणजे अमिनो आम्लं, प्रथिनांचा कच्चा माल. टीचर टेबलावर थाप मारून हसल्या. "बघा! नुसती साखर नाही, झाड मटण वाढतंय मुंग्यांना. उगाच नाही जिवावर उदार होत."

होळी गावात त्यांची वाडी होती. टीचरनी लग्न केलं नव्हतं. धाकटा भाऊ इनास वाडी सांभाळायचा. त्याला या मुंग्यांचा भयंकर राग. चवळी खुडणाऱ्या बायकांना त्या कडकडून चावत, आणि बायका कामाला येईनाशा झाल्या होत्या.

एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपल्यावर टीचरनी मला जेवायला नेलं. पोचलो तर इनास पाठीवर पंप चढवून वेलांत उभा. पंपात पॅरॅथिऑन होतं, जहाल विष.

"इनास, फुलोऱ्यावर मारू नको! भुंगे मरतील, मुंग्या मरतील. अळ्या तेवढ्या परत येतील!"

"बाय, तू कॉलेजात शिकव. हितं माझ्या बाया पळाल्यात."

टीचरनी फवाऱ्याची पितळी नळी धरली. इनासने ती हिसकावून त्यांच्या तोंडावर हाणली. एकदा नव्हे, दोनदा. मी मधे पडेपर्यंत त्या जमिनीवर होत्या, पुढचा दात तुटला होता, हनुवटी रक्ताने माखली होती. त्या उठल्या, रक्त थुंकल्या आणि म्हणाल्या, "मार अजून. पण तोंडाला फडकं बांध, मेल्या. वारा तुझ्याकडे आहे."

त्याने ऐकलं नाही. टीचर ओठाला ओला पंचा लावून दारात बसून राहिल्या, नजर वेलांवर. तासाभरातच तिकडून ओकारीचा आवाज आला. इनास गुडघ्यांवर कोसळला होता. तोंडातून लाळ गळत होती, अंग थडथडत होतं. टीचरनी त्याचा भिजलेला शर्ट टराटरा फाडला. मी पाणी ओतत होतो आणि त्या साबणाने त्याचं अंग सालटं निघेल असं घासत होत्या. शेजाऱ्याच्या टेंपोत त्यांनी त्याचं डोकं मांडीवर धरलं. त्यांच्या ओठातलं रक्त त्याच्या उघड्या छातीवर टपकत होतं.

दवाखान्यात विषबाधेची केस म्हणून हवालदार आला. "बाई, तुमच्या तोंडाला काय झालं?"

मला वाटलं, पडले म्हणतील.

"यानं मारलं. घ्या लिहून." आणि लगेच डॉक्टरांचा हात धरून ओरडल्या, "पण वाचवा त्याला! काय वाट्टेल ते करा, वाचवा!"

इनास वाचला, पायांतली ताकद मात्र गेली. वेलांखाली मेलेल्या भुंग्यांचा आणि मुंग्यांचा थर पडला होता. पंधरवड्यात अळ्यांनी सगळी चवळी फस्त केली.

वाडी मग टीचरनी अंगावर घेतली. काही वर्षांनी माझी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. इनास आत खाटेवर होता. ओट्यावर बसून मी हळूच विचारलं, "माफ केलंत त्याला?"

"नाही. त्यानं मागितलीही नाही. जीभ त्या दाताच्या खिंडारात जाते ना सर, तेव्हा वाटतं, उठावं आणि त्याचा गळा दाबावा. रोज वाटतं."

आतून हाक आली, "बाय, भूक लागली."

"आले रे," म्हणत टीचर उठल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्हीही चला. दोन घास खाऊन जा."