वकिलांची नाक्यावरची बायको

त्या साली प्लेगमुळे सोलापूरच्या नाक्यांवर पहारा होता. बाहेरगावच्या बाईला आत यायचे तर नवरा शहरात राहतो असे सांगून परवाना घ्यावा लागे, आणि मग देखरेखीचे काही दिवस आरोग्यखात्याचा माणूस नवऱ्याच्या घरी येऊन तिचा ताप बघे. माझ्या मागच्या खोलीत एक गिरणी कामगार भाड्याने राही. त्याची बायको बाळंतपणाला मंद्रूपला माहेरी गेली होती. तिकडे घरात उंदीर मरून पडू लागले, तशी ती भरल्या दिवसांची परत निघाली. वाटेत आमच्या शेजारच्या वकिलांनी तिला आपल्या टांग्यात घेतले. एवढे एकच सत्कृत्य त्यांच्या हातून झालेले मला ठाऊक आहे, आणि तेच त्यांना भोवले.

नाक्यावर कारकुनाने विचारले, "नवरा कोण?" ती नवऱ्याचे नाव कुठली घेते! तिने तोंडावर पदर ओढला आणि गिरणीच्या धुराड्याकडे बोट केले. बोट आणि धुराडे यांच्या मधोमध वकील पेंगत बसलेले. कारकुनाने वकिलांना ओळखले, झोपमोड न करता नवरा म्हणून त्यांचे नाव घातले आणि शिक्का मारला.

पुढे आरोग्यखात्याचा तपासनीस वकिलांच्या दारात उभा राहिला आणि वकिलीणबाईंना म्हणाला, "धाकट्या बाईंना बोलवा. ताप बघायचाय."

त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही.

तोवर इकडे माझ्या मागच्या खोलीत तिला मुलगी झाली होती. संध्याकाळी वकील आले. "काकू, चुकून दिलेला परवाना मुळातच रद्द. दिलाच नव्हता असं समजायचं."

"मग ती आत आली कशी?"

"बेकायदा."

"आणि बेकायदा आलेलीला?"

"नाक्याबाहेर, प्लेगच्या संशयितांच्या छपरात ठेवतात," ते जोड्यांकडे बघत म्हणाले.

आतून बाळंतीण ओरडली, "मी न्हाय जायची, मावशी! माजी जाऊ त्या छपरात गेली ती परत आली न्हाय."

मी वकिलांना म्हटले, "परवा ओट्यावर अशिलाला काय सांगत होता? सरकारची चूक सरकारनं निस्तरावी, रद्द होईपर्यंत परवाना पक्का."

"तो अशील होता, काकू."

दुसऱ्या दिवशी ते परवाना रद्द करण्याचा अर्ज घेऊन प्लेगच्या साहेबाकडे गेले. मीही गेले, बाळाला घेऊन. वकिलांचे भाषण संपल्यावर मी बाळ साहेबाच्या टेबलावर ठेवले. "आई गावात आलीच नसेल, तर ही कुठून आली? हिलाही छपरात पाठवायचं, की ही इथं आणि दूध नाक्याबाहेर?"

बाळाने टेबल ओले केले. साहेबाने आपले कागद घाईघाईने उचलले आणि आईला ताप आहे का, एवढेच विचारले. नव्हता. आल्यापासून एकदाही नव्हता.

"परवाना आजपर्यंत खरा धरू. आज रद्द. देखरेखीचे दिवस गावातच भरले, तेव्हा नवा परवाना द्या," त्याने कारकुनाला सांगितले.

वकील चाचरले. "म्हणजे आजपर्यंत ती कायद्यानं माझी..."

"परवान्यापुरती," साहेब म्हणाला.

नव्या परवान्यावर नवऱ्याचे नाव मी सांगितले.

बारशाच्या दिवशी वकिलीणबाईंनी टोपडे पाठवले. मोलकरणीला ओट्यावरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बजावले, "जपून ने गं. ह्यांची लेक आहे ती!"