साक्षीला धाकटी

गल्लीच्या तोंडाशी पुस्तक-बांधणीचं एक दुकान आहे. पाटीवर एकट्या बाइंडरांचं नाव, पण आत काम करतात दोघं, बाइंडर आणि त्यांची बहीण. बहीण एकसष्ट वर्षांची झाली तरी घरात, गल्लीत, कागदवाल्याकडे तिला सगळे 'धाकटी'च म्हणतात. आईवडील गेले, धाकटी म्हणून हाक मारणारी निम्मी माणसं गेली, पण तिचं नाव काही मोठं झालं नाही.

धाकटीनं शिवायचं आणि बाइंडरांनी चढवायचं, ही दोघांची चाळीस वर्षांची वाटणी. छापखान्यातून आलेले फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, ती एकेक करून दोऱ्यात ओवते. मग पुस्तक बाइंडरांकडे येतं. ते कण्याला खळ लावतात, कटिंगच्या यंत्राखाली तिन्ही बाजू सरळ कापतात, पुठ्ठा चढवतात आणि पाठीवर सोनेरी अक्षरं उठवतात. गिऱ्हाईक पुस्तक हातात घेतं आणि पहिल्यांदा त्या अक्षरांवरून बोट फिरवतं. शिवण बघायला पुस्तक कोण उसवतो?

दुकानाच्या वर दोन खोल्यांत बाइंडर आणि त्यांची बायको राहतात. दुकानामागच्या खोलीत धाकटी. मुलगा परगावी नोकरीला.

गेल्या वर्षी जिना चढताना बाइंडरांच्या छातीत कळ आली. तीन दिवस दवाखान्यात पडून राहून ते घरी आले आणि बायकोनं विषय काढला.

"अहो, एकदाचं मृत्युपत्र करून टाका. समोरच्या शिंपिणीचं बघताय ना? नवरा गेला आणि बाई दोन वर्षं या कचेरीतून त्या कचेरीत चपला झिजवतेय."

"एवढी घाई झालीय का तुला माझी?"

"तुमची नाही, कागदाची."

बाइंडर हसले आणि वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई पन्नाशीच्या, बोलायला मऊ. बाइंडरांनी सांगितलं, घर आणि दुकान बायकोला, तिच्या मागे मुलाला. तीन पानांत काम झालं.

"सहीच्या दिवशी दोन साक्षीदार लागतील," वकीलबाई म्हणाल्या. "एक माझा कारकून. दुसरा तुम्ही आणा. विश्वासातला हवा, आणि ज्याला यातून काही मिळत नाही असा हवा. म्हणजे उद्या कुणाला बोट दाखवायला जागा नको."

वकीलबाईंचा जिना उतरता उतरता बाइंडरांना उत्तर सापडलं. विश्वासातली आणि काहीच न मिळणारी म्हणजे आपली धाकटी! बरं झालं, कुणाची मिनतवारी करायला नको. त्या वेळी त्यांना यात काही वावगं वाटलं नाही, आणि पुढे त्यांचं मन त्यांना खात राहिलं ते यामुळेच.

सहीच्या दिवशी धाकटी धुतलेली साडी नेसून आली. वकीलबाईंनी रीतसर विचारलं, "तुम्हाला या मृत्युपत्रातून काही मिळत नाही ना?"

धाकटीनं भावाकडे पाहिलं.

"नाही, तिला काही नाही," बाइंडर चटकन म्हणाले.

प्रत्येक पानाच्या समासात आखूड सही करायची होती. बाइंडरांनी केली, कारकुनानं केली. दोघांनी मिळून समास अडवला होता, म्हणून धाकटीनं आपली सही अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात केली. परतीच्या वाटेत ती एवढंच म्हणाली, "दादा, तुझ्या गोळ्या संपल्यात. घेऊन जाऊ या का?"

वकीलबाईंनी निघताना बजावलं होतं, "हे असंच पाकिटात ठेवा. टाचणीसुद्धा काढू नका."

पण बाइंडराच्या घरातला कागद, आणि टाचणीवर? आठ दिवस त्यांनी कळ काढली. नवव्या दिवशी दुपारी पाकीट उघडलं, टाचणी काढली आणि तिन्ही पानं धाकटीपुढे ठेवली. "एवढं शिवून दे गं."

तीन पानांना तिला एरवी चहा उकळेपर्यंतचा वेळ लागला असता. त्या दिवशी बराच लागला. शिवून झाल्यावर तिनं पानं भावाच्या हातात दिली आणि ती आत निघून गेली. बाइंडरांनी यंत्राचं चाक फिरवून पानं दाबली. पुस्तक म्हटलं की तिन्ही बाजू सरळ झाल्याच पाहिजेत, हे त्यांच्या हाताला इतकं मुरलेलं की डोक्याला विचारायचं कारणच नव्हतं. त्यांनी पातं खाली ओढलं.

खाली पडलेल्या चिंधीवर मुंगीएवढी अक्षरं होती.

त्यांनी घाईघाईनं पानं बाहेर काढली. त्यांची सही जागच्या जागी होती, कारकुनाची होती. पहिल्या दोन पानांवरची धाकटीची सही गेली होती, आणि तिसऱ्यावर तिच्या नावाची शेवटची दोन अक्षरं नव्हती.

"धन्य आहे तुमची!" बायको म्हणाली. "वकीलबाई टाचणी काढू नका म्हणाल्या, तुम्ही कडाच काढलीत! उद्या माझे कानही सरळ करून द्या त्या यंत्राखाली."

बाइंडर हसले नाहीत. ती चिंधी केराच्या टोपलीत टाकायला त्यांचा हात होईना. धाकटीनं नीटनेटकं केलेलं काम आपण कापलं, ही टोचणी त्यांना लागली होती. त्याखाली आणखी काहीतरी ठसठसत होतं, पण ते काय हे त्यांना अजून उमगलं नव्हतं.

वकीलबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. "साक्षीदारच छाटलात की हो! हा कागद आता कामाचा नाही. कुणीही म्हणेल, मुद्दाम कापला. पुन्हा करू. मजकूर तोच ना?"

"तोच."

वकीलबाईंनी वही ओढली आणि त्या थांबल्या. "मागच्या वेळी एक विचारायचं राहिलं, ती चूक माझी. घरात राहतं कोण कोण?"

"मी आणि बायको. मुलगा परगावी असतो."

"बस?"

"आणि धाकटी."

"या सहीला आल्या होत्या त्या? तुमच्याकडेच राहतात?" वकीलबाईंनी चष्मा काढला. "मला वाटलं, त्यांचं घर वेगळं असेल."

"कुठे जाणार ती? दुकानामागं खोली आहे तिची. पहिल्यापासून."

"आणि तुमच्या मागे?"

"तिथंच की. आमचीच आहे ती."

"हे तुम्ही मला सांगताय. कागद कुठे सांगतोय? तुमच्या मुलाचा विचार काय आहे या जागेचा?"

बाइंडरांना आठवलं. मुलगा मागच्या खेपेला आला होता, तेव्हा दुकानाच्या पायरीवर चहा पिता पिता म्हणाला होता, "बाबा, पुढेमागे हे विकून टाकू. जागेला चांगली मागणी आहे. तुम्ही आणि आई या माझ्याकडे." त्याच वेळी त्याची आत्या रिकाम्या कपबशा गोळा करत होती. आत्याचं काय, हे मुलानं विचारलं नाही, त्याच्या आईनं विचारलं नाही, आणि बाइंडरांनी तर नाहीच नाही. धाकटीनं कपबशा उचलल्या आणि ती विसळायला गेली.

"मला तिची आठवणच झाली नाही," ते वकीलबाईंना म्हणाले, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून त्यांची मान खाली गेली. रागानं वगळलं असतं तर राग गेल्यावर जवळ तरी घेता आलं असतं. चाळीस वर्षं हाताला हात लावून काम करणारी बहीण, आणि तिची आठवण कधी झाली, तर फुकटचा साक्षीदार हवा होता तेव्हा.

वकीलबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. त्यांनी लिहून घेतलं. धाकटीला हयातभर त्या खोलीत राहण्याचा हक्क, जागा पुढे कुणाकडेही गेली तरी. दुकानातलं यंत्र, हत्यारं, सामान निम्मं तिचं. "आणि आता साक्षीला त्यांना आणू नका. दुसरं कुणीतरी बघा."

घरी येऊन त्यांनी आधी बायकोला सांगितलं. तिनं पदराचं टोक पिळलं.

"माझ्या ऑपरेशनच्या वेळी दोन महिने वन्संनी माझं सगळं केलं," ती म्हणाली. "आणि मला तरी कुठे सुचलं? तुमचं तुम्हीच सांगा त्यांना. मला तोंड नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी दोऱ्याला मेण लावत होती. बाइंडर तिच्यासमोर बसले. ते एरवी कधी तिच्यासमोर बसत नसत. दोघांच्या पाठी एकमेकांकडे, अशीच दुकानातली बैठक होती.

"उद्या पुन्हा वकीलबाईंकडे जायचंय."

"किती वाजता? म्हणजे मी लवकर आवरते."

"तू नको."

तिचा हात थांबला. "का रे? सही चुकली होती का माझी?"

"तुझी नाही चुकली. मी चुकलो." मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, खोलीचं, सामानाचं. "आता तुझं नाव आत आहे. म्हणून तुला साक्षीला बसता येत नाही."

"मागच्या वेळी बसता आलं," धाकटी म्हणाली.

"हो."

तिनं दोरा बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडवला. "मला शिवायला दिलंस ना, तेव्हा वाचलं मी ते. पानं उलटसुलट लागत नाहीत ना, हे बघावंच लागतं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? मलापण घ्या म्हणायचं, खेळात घ्या म्हणतात तसं?"

बाइंडरांना वाटलं, हिनं आता चार शब्द सुनवावेत. कात्री आपटावी, दोन दिवस अबोला धरावा. लहानपणी ती चिमटे काढायची, तसा एखादा काढला तरी चालेल.

"पोस्टाच्या मागे एकट्या बायकांचं वसतिगृह आहे," ती म्हणाली. "तिथं नाव घालून आले, ते शिवलं त्याच आठवड्यात. तिथली बाई चांगली आहे. म्हणाली, नंबर लागायला दोन-तीन वर्षं लागतील."

"अगं, उद्याच जाऊ आणि नाव काढून टाकू."

"नको, राहू दे."

"पण आता कागदावर येतंय सगळं. मी स्वतः—"

"येतंय ते चांगलंच आहे, दादा. वहिनीला सांग, मी रागावलेली नाही. पण नाव राहू दे तिथं." तिनं सुईत दोरा ओवला आणि पुढचा फर्मा ओढला.

दुसऱ्या दिवशी समोरचा औषधवाला साक्षीला आला. कागद झाला, आणि या वेळी पाकीट वकीलबाईंनीच आपल्या कपाटात ठेवून घेतलं. "तुमच्या हाती देत नाही," त्या म्हणाल्या, आणि औषधवाला खो खो हसला. घरी आल्यावर धाकटीनं विचारलं, "झालं?" बाइंडर म्हणाले, "झालं."

त्याला आता वर्ष होईल. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी धाकटी हातातलं काम खाली ठेवते, चपला घालते आणि आपला नंबर कुठवर आलाय ते विचारायला वसतिगृहात जाते. बाइंडर पहिल्या सोमवारी मुद्दाम सकाळपासून कठीण काम काढून बसतात, पण पायरीवर तिची चाहूल लागली की त्यांची मान वर होतेच.

"ऊन आहे गं. बसनं तरी जा," ते म्हणतात.

"चालत जाते," धाकटी म्हणते. "रस्ता पायाखालचा झालेला बरा."