तात्यांच्या पेटीचा आवाज

निमगाव केतकीच्या शाळेत मी मास्तर होतो. त्या दिवसांतलं काय आठवतं असं कुणी विचारलं, की पोरांच्या आधी मला तात्यांची गाण्याची पेटी आठवते. एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागं आणखी चार रांग लावून उभे!

तात्यांचा पानमळा होता आणि गाण्याचं वेड होतं. त्यांचे दोस्त इस्माईलभाई बारामतीत घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांनीच पेटी जोडून दिली. किल्लीवर फिरणारी तबकडी, तिच्या सुईकडून निघालेल्या दोन तारा, बॅटरीवरचा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर.

पहिल्याच दिवशी तात्यांनी बटण नखभर फिरवलं आणि तबकडीतल्या बाईंनी अशी तान मारली, की माळवदावरची कबुतरं उडाली!

"आवाज खाली करा!" मी ओरडलो.

"ह्याच्या खाली बंदच हाय!" तात्या माझ्यावर ओरडले.

*

चौथ्या दिवशी त्या आवाजानं बिचकून म्हशीनं दूध चोरलं. आमच्या वहिनी, म्हणजे तात्यांची बायको, धार अर्धी टाकून बाहेर आल्या.

"म्होरल्या बाजारापत्तुर आवाज उतरला न्हाय, तर ह्यो डबा बाजारात जाणार!"

वहिनी बोलल्या की तसंच व्हायचं. तात्या मळ्यात माझ्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मास्तर, दोन वर्सं वाट बघितली हो ह्या पेटीची." मला खरंच वाईट वाटलं.

*

म्हणून मी शिकलेल्या माणसाची अक्कल चालवली. लाउडस्पीकर धान्याच्या रिकाम्या कणगीत ठेवला आणि वर गोधडी टाकली. तात्यांनी तबकडी लावली, तर सगळी कणगीच घुमायला लागली! फळीवरचे पितळी डबे थरथरले.

वहिनी गोधडी उचलून एवढंच म्हणाल्या, "मास्तर, शाळंत पोरं हायती न्हवं? तिकडं बघा."

*

मग बारामतीच्या एका मोटार मेस्त्रीनं सल्ला दिला, "बॅटरी उतरू द्या, आवाज आपसूक उतरंल." तात्यांनी चार दिवस बॅटरी चार्जिंगला पाठवलीच नाही. आवाज तेवढाच राहिला, फक्त फाटला! गाणाऱ्या बाई घसा बसलेल्या हवालदारासारख्या ओरडू लागल्या. तात्या मात्र डोळे मिटून मान डोलवत होते.

"सूर पक्का हाय," ते म्हणाले. प्रेम आंधळं असतं ते असं!

*

बाजाराला तीन दिवस उरले, तेव्हा इस्माईलभाई सर्व्हिस मोटारीनं आले. सगळं उघडून पाहिलं आणि हसले.

"तात्या, पेटीत खोट न्हाय. सुईकडनंच जोर जास्त येतोय. वाफ्यात पाणी जास्त झालं तर तुमी काय करता?"

"वाफा कशाला उकरू? पाटालाच बांध घालतो."

"मग हितं बी त्येच!" भाईंनी सुईकडून येणाऱ्या तारांत बोटभर लांबीचा एक रेझिस्टन्स बसवला. तात्यांनी बटण पाव फिरवलं. बाई समोर बसून गुणगुणाव्यात तशा गाऊ लागल्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हशीनंही भरून दूध दिलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची सखू पानांची पाटी घेऊन ओसरीत आली. "वयनी, आमच्या दारात आता काय बी ऐकू येत न्हाय बगा." तिच्यामागं दोघी आल्या. आळीतल्या बायका आजवर आपापल्या दारात गाणी ऐकत पानं निवडायच्या. आता सगळ्या तात्यांच्या ओसरीत येऊन निवडू लागल्या. ओसरीभर पानांवर शिंपडायचं पाणी, देठं, कुजकी पानं, आणि वर सगळ्यांचा चहा वहिनींनीच करायचा!

बाजारच्या दिवशी तर पाय ठेवायला जागा नव्हती. वहिनी चुलीपुढून उठल्या, पाट्या ओलांडत पेटीकडे निघाल्या. तात्यांनी माझा हात घट्ट धरला.

वहिनींनी बटण धरलं आणि पार शेवटपर्यंत फिरवलं. कबुतरं उडाली. बायकांनी कान झाकले आणि एकेक करत पाट्या उचलून घरी गेल्या.

ओसरी मोकळी झाल्यावर वहिनी तात्यांकडे वळून ओरडल्या, "बघताय काय? भाईस्नी सांगावा धाडा, अजून वाढतोय का बघा म्हणावं!"