चौकाबाऱ्याचे सात नियम

माझ्या दोन्ही बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत, आत्याआजी आपल्या ग्रुपवर का दिसत नाही, आणि मी सांगितलं की तिचा फोन बिघडलाय. ते खोटं होतं. फोन चांगला आहे. खरं सांगायला लागले असते तर तुमच्या आईने मागून "जाऊ दे ना आता" म्हटलं असतं, म्हणून लिहिते आहे. सुट्टीत तुम्ही इथे याल, तिच्याकडे जाल, त्याआधी तुम्हाला हे माहीत असलेलं बरं.

आत्याआजी म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझी नणंद. ती कृष्णराजनगरला राहते, मी इथे म्हैसूरला. तिचे गुडघे गेले आणि आजोबाही गेले, त्यानंतर चार वर्षं आम्ही रोज दुपारी तीन वाजता फोनवर चौकाबारा खेळत होतो. तिच्या घरी जमिनीवर खडूने आखलेला पट, माझ्याकडे लाकडी. दोघींनी दोन्हीकडच्या सोंगट्या हलवायच्या, म्हणजे दोन्ही पट सारखे राहतात. कवड्या फोनसमोर टाकायच्या. ती फोनच्या इतकी जवळ टाकायची की मला फक्त तिचा अंगठा दिसायचा. किती पडले ते ती सांगेल ते. चार वर्षांत मी एकदाही "दाखवा" म्हटलं नाही.

ग्रुपवर आपले साठेक नातेवाईक आहेत. आजोबांच्या पूर्वजांनी इथे कापड रंगवलं, छापलं. आता कोणी बँकेत, कोणी कॉम्प्युटरवर, एकाचं फरशांचं दुकान. घरात सगळे मराठी बोलतात, निम्मी कानडी मिसळून, पण मराठी अक्षरं वाचणारे तुम्हा दोघांना धरून तीन-चारच. मी सांगलीहून लग्न होऊन आले म्हणून मला येतात. त्यामुळे ग्रुपवर कोणी इंग्रजीत लिहितो, कोणी कानडी अक्षरांत. आत्याआजी फक्त कानडी वाचते.

तुमच्यापैकी धाकट्याने मध्यंतरी ग्रुपवर विचारलं होतं, की फोनवरच्या खेळात दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत जाताच येत नाही, मग आत्याआजी मला न मारता कसं जाऊ देते? प्रश्न साधा होता. तू तो विचारलास यात तुझी काही चूक नाही, हे आधीच सांगून ठेवते.

अर्ध्या तासात पंचवीस जणांनी उत्तरं दिली. बेंगळुरूचा पुतण्या म्हणाला, ॲप सांगतं तेच खरं, कारण ते कोणीतरी अभ्यास करून बनवलेलं असतं. फरशीवाले म्हणाले, ॲपला काय कळतं, त्याने कधी कवडी हातात धरली आहे का. मग कवड्या चांगल्या की चिंचोके, यावर वाद. चिंचोक्यांवरून चिंचेच्या झाडावर. घराजवळ चिंच लावू नये, असं एका सुनेने लिहिलं. का लावू नये, असं दुसरीने. येलवालला ज्यांचा प्लॉट आहे त्यांनी आपल्या तिथल्या करंजाचा फोटो टाकून हे झाड तोडावं का, असं विचारलं. तिथून डास, डासांवरून विजेवरची स्कूटर रात्रभर चार्जिंगला लावावी की नाही. कसं पोचलो ते मलाही कळलं नाही. मधे आत्याआजीचा कानडीतला एकच संदेश होता: "आमच्या घरी पोरांना न मारता आत सोडतात." त्यावर कोणी काही बोललं नाही. त्याच्या खाली लगेच स्कूटर होती.

मला असलं सहन होत नाही. नजरबादच्या कचेरीत मी एकतीस वर्षं टिपणं लिहिली. तिथे एक विषय निघाला की त्याला आकडे घालून मुद्दे करायचे, शेवटी निष्कर्ष लिहायचा आणि फाइल पुढे सरकवायची. तेच केलं. इंग्रजीत सात मुद्दे लिहिले. चौथा असा होता: काही वयस्कर मंडळी मुलांसाठी सोपा केलेला खेळ आणि मूळ खेळ यांची गल्लत करत आहेत.

चाळीस जणांनी अंगठा दाखवला. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं.

आत्याआजीने माझा तो संदेश तिच्या सुनेला वाचून दाखवायला सांगितला. सून स्वयंपाकात होती. तिने सात मुद्द्यांचं एका वाक्यात मराठी केलं: मामी म्हणतायत तुम्हाला खेळ येत नाही. आणि अंगठे मात्र तिने मोजून सांगितले.

दुसऱ्या दिवशी तीनला मी लावला तर तिचा फोन नुसता वाजत राहिला. तिसऱ्या दिवशीही. मी संदेश पुसायला गेले तर आता फक्त माझ्या फोनवरून पुसता येईल, सगळ्यांच्या नाही, असं कळलं. मग ग्रुपवर माफी लिहिली, कानडीतून, शब्दकोश उघडून. त्यावर एकाने सकाळच्या शुभेच्छांचं कमळ पाठवलं आणि बाकीचे कुकरच्या किती शिट्ट्या द्याव्यात यावर भांडत राहिले. दरम्यान आत्याआजी ग्रुपमधून निघून गेली होती. ती गेल्याची ओळ सगळ्यांना दिसली. एकानेही का म्हणून विचारलं नाही.

बाराव्या दिवशी मी बसने कृष्णराजनगरला गेले. ती ओसरीवर तांदूळ निवडत होती.

"परतीची बस कधीची आहे?" हे तिचं पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "वन्सं, ते तुम्हाला उद्देशून नव्हतं."

"ग्रुपात म्हाताऱ्या किती आहेत गं? मी, आणि अंथरुणाला खिळलेली काकी. तिला चौकाबारा माहीत नाही."

मी म्हटलं, सगळीकडे हाच नियम आहे. म्हणजे तिथे बसूनही माझं टिपण चालूच होतं.

तिने सूप खाली ठेवलं. "सगळीकडे असेल. तुझा नवरा पाच वर्षांचा होता. आपल्या सोंगटीनं दुसऱ्याची मेली की रडायचा, जेवायचा नाही. आई म्हणाली, घरात जो सगळ्यात धाकटा, त्यानं कुणाला न मारता आत जायचं. सुम्ने नाही म्हणाली, त्याच्यासाठी म्हणाली."

सुम्ने म्हणजे उगीच.

तुमचे आजोबा माझ्याशी खेळताना तसेच आत शिरायचे, केस पांढरे झाल्यावरसुद्धा. मी दर वेळी म्हणायचे, फसवताय. ते हसायचे आणि सोंगटी पुढे न्यायचे. त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. मला नियम माहीत होता ना.

"हे तुम्ही ग्रुपवर का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"साठ जणांत? कुणीतरी अंगठा दाखवला असता."

मी कवड्या उचलल्या. आम्ही एक डाव खेळलो. मी हरले. निघताना विचारलं, उद्या तीनला फोन करू का. ती म्हणाली, फोनवर नको, यायचं तर ये.

म्हणून आता दर गुरुवारी जाते. जाता-येता पाठ आखडते, आणि बाकीचे सहा दिवस तीन वाजता मला काही काम नसतं. माझे सात मुद्दे बेंगळुरूच्या पुतण्याने ग्रुपच्या माथ्यावर कायमचे लावून ठेवले आहेत, सगळ्यांना सोयीचं म्हणून. काढ म्हणून दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा त्याने अंगठा दाखवला. तुम्ही ते वाचाल, तर चौथा मुद्दा चूक आहे एवढं लक्षात ठेवा.

तिचा खडूचा पट ओसरीवर आहे. चारही कवड्या आहेत. आपल्या घरात सगळ्यात धाकट्याला कुणाला न मारता आत जाता येतं.