पुढच्या गाडीचा धुरळा

विसरवाडीच्या नाक्यावर दानियल गावितचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींत त्याचं नाव पार सुरतेपर्यंत पोचलेलं. त्याचा दोस्त उदेसिंग पावरा तळोद्याहून सातपुड्यातल्या पाड्यांवर प्रवासी जीप न्यायचा, आणि जीपच्या अडथळ्यांच्या स्पर्धेत त्याला मागे टाकणारा कुणी भेटला नव्हता. दोघांच्या घरच्या बोली वेगळ्या. भेटले की बाजारातल्या अहिराणीत बोलायचे, आणि भांडण ठरलेलं : खरा ड्रायव्हर कोण?

"तुन्ही जीपपेक्षा बैलगाडी जोरमा पळस," दानियल डिवचायचा.

"पळाले काय लागस? दगडवर चाक ठेवी दखाड, मंग बोल," उदेसिंग म्हणायचा.

दोघांचंही खरं होतं. ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकदम सुटतात. शेजारच्याचं हँडल घासून जातं, पुढचा वळणावर जरा चुकला की त्याच क्षणी आत घुसावं लागतं. दानियलचा हात दुसऱ्याला पाहूनच जागा व्हायचा. उदेसिंगच्या खेळात शेजारी कुणी नसतंच. नाल्यातले खडक, चिखल आणि बाजूला ताणलेली दोरी. दोरीला चाक लागलं की गुण गेले. तो आधी उतरून दगड पायाने हलवून बघायचा, मग जीप इतकी अलगद चढवायचा की आत बसलेल्याला झोप लागावी.

एका उन्हाळ्यात गुजरातच्या हद्दीलगत जंगलातल्या रस्त्यांवरची रॅली जाहीर झाली. तिथे गाड्या एकेक करून सुटतात, शर्यत फक्त वेळेशी. एक जण चालवतो, दुसरा शेजारी बसून वहीतून पुढचं वळण वाचून सांगतो. दोघांनाही हा प्रकार नवा. "आते समजी कोन मोठा," म्हणत दोघं एकाच गाडीत बसले. चिठ्ठी टाकली, स्टेअरिंग दानियलकडे आलं.

पहिला टप्पा छान गेला. उदेसिंग शांतपणे सांगायचा, दानियल वळवायचा. दुसऱ्या टप्प्यात सागाच्या झाडांमागे धुरळा उठलेला दिसला. पुढची गाडी मंदावली होती. दानियलचा पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर दाबला गेला.

"तो आपला पहिले सुटेल शे, त्याना मांगे नको लागू!" उदेसिंग ओरडला. "डावा! हळू, डावा!"

दानियलच्या कानावर शब्द पडले, पण डोळ्यांत धुरळाच होता. वळण आलं तेव्हा गाडी त्याच्या हातात उरली नव्हती. ती कोरड्या ओहोळात उलटली.

दानियल हात मोडून वाचला. उदेसिंगचं कंबरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं.

हात जुळून आल्यावर दानियलने दुकान भावाच्या हवाली केलं आणि उदेसिंगची जीप चालवायला घेतली. उदेसिंगच्या बायकोने, दगूबाईने, किल्ली दिली. सुरुवातीला चढावर गाडी हिसके द्यायची, बाया एकमेकींवर आदळायच्या, म्हाताऱ्या शिव्या घालायच्या. खेप संपली की तो उदेसिंगच्या खाटेपाशी बसायचा.

"वरला नाल्यामा कोन्ता गिअर टाका?" उदेसिंग विचारायचा.

"दुसरा."

"पहिला टाकाले पाहिजे व्हता. मांगे लोके बठेल शेतस."

एकदा दानियलला राहवलं नाही. "मन्हाकडथून चूक व्हयनी, उदेसिंग."

"हा. तुन्हाकडथूनच व्हयनी," उदेसिंग म्हणाला. मग थोड्या वेळाने, "सकाय येजो. जीप उभी ऱ्हायनी तर पाडाना लोके कसा जातीन?"

दानियल बाहेर आला आणि कुंपणाला धरून रडला. दोस्ताने माफ केलं असतं तर ते त्याला झेपलं नसतं.

दुसऱ्या हिवाळ्यात खाटेवर पडून झालेल्या जखमा चिघळल्या, ताप चढला आणि उदेसिंग गेला. लांबलांबच्या पाड्यांवरून माणसं आली. दानियलनेच ती जीपमधून आणली आणि परत सोडली. खेप नसली की दानियल भावाला दुकानात हात लावायला जातो, तेव्हा नाक्यावरची पोरं अजून विचारतात, खरा ड्रायव्हर कोण होता? तो स्पॅनर उचलतो.

जीप तो अजून चालवतो. दगूबाईच्या दारात थांबला की ती पाण्याचा तांब्या आणते. "भाभी, शेळ्या कशा शेतस?" तो विचारतो. ती शेळ्यांचं सांगते, पावसाचं सांगते. उदेसिंगचं नाव दोघंही घेत नाहीत. पाणी पिऊन तो पुढच्या पाड्याकडे निघतो.