मामाजींची नागपूरची जागा

ज्या गावात म्हातारी माणसं कमी, तिथे त्यांचे किस्से फार. भिलाईत तेव्हा तसंच होतं. कारखाना अजून उभा होत होता, सगळं गाव तरण्या पोरांचं, पांढरं डोकं दिसलं की लोक वळून बघत! आमच्या सेक्टरातल्या ख्रिस्ती घरांमध्ये अशी डोकी तीनच, आणि तिघंही दर बुधवारी दुपारी आमच्या व्हरांड्यात प्रार्थनेला बसत. चहा मी करायची, म्हणून सगळं माझ्याच कानावर पडायचं. आता मीच त्यांच्या वयाची झाले, तर सांगून टाकते बाप्पा.

एक माझे सासरे. त्यांना मी मामाजी म्हणत असे. नागपूरकडचे, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. दुसऱ्या मार्थाबाई, मिशन हॉस्पिटलात जन्मभर नर्स होत्या, आता लेकीकडे आलेल्या. तिसरे केरळचे अप्पच्चन, शेजारच्या अन्नम्माचे वडील. त्यांना ना हिंदी येत होती, ना मराठी.

*

मामाजींचा गार्डपणा काही सुटला नव्हता. प्रार्थना संपत आली की आमेनच्या आधी डोळे उघडून सगळ्यांवर एकदा नजर फिरवत. मार्थाबाईंनी एकदा पकडलंच. प्रार्थनेत डोळे मिटायचे असतात हो, म्हणाल्या.

"सगळ्यायनं मिटले तर गाडी कोण पाहीन?" मामाजी म्हणाले.

*

प्रार्थना झाली की मार्थाबाई घरी जात. मग मामाजी आणि अप्पच्चन संध्याकाळपर्यंत बोलत बसत. हे मराठीत, ते मल्याळममध्ये! दोघं माना डोलावत, मध्येच हसतही. मला राहवेना. अप्पच्चन गेल्यावर मी विचारलं, काय म्हणत होते?

"त्याचं गुडघं दुखून राहिलं म्हणे."

तुम्हाला मल्याळम कधीपासून कळायला लागलं, मी म्हटलं.

"गुडघं धरून सांगितलं ना त्यानं!"

*

मामाजींचा एकच हट्ट होता. मेल्यावर नागपूरला न्यायचं. माझ्या सासूबाईंना तिथे माती दिली होती, आणि त्या जाताना मामाजींनी त्यांना शब्द दिला होता की बाजूची जागा माझी. दुर्गहून कोणती गाडी धरायची, बरफ किती लावायचा, गार्डाच्या ब्रेकव्हॅनमध्ये पेटी चढवायला कोणाला भेटायचं, सगळं त्यांनी माझ्या मिस्टरांना जेवताना सांगून ठेवलं होतं. घास घशाखाली उतरायचा नाही आमच्या. मिस्टर नुसतं हो बाबा, हो बाबा करत.

मार्थाबाई एकदा चिडल्या. आत्मा प्रभूजवळ जातो, मग मातीचा एवढा हट्ट कशाला, म्हणाल्या.  मामाजी हळूच म्हणाले, "बाई, प्रभूवर माझा भरोसा आहे. पण तो मेलेल्यायले उठवीन त्या दिवशी मी उठीन अन् बाजूले ओळखीचं कोणीच नसन, तर मले करमन का?"

मार्थाबाईंचाही नवरा दूर कुठेतरी मातीत होता.

*

त्याच सुमारास रिसालीच्या बाजूला ख्रिस्ती लोकांना कबरस्तानासाठी जमीन मिळाली. लाल मुरुमाचं मोकळं रान, चार कोपऱ्यांना चार दगड. ईस्टरच्या पहाटे कबरस्तानात उपासना करायची आपली रीत, म्हणून सगळे तिथे गेलो. बायकांनी सवयीने कण्हेरीची फुलं आणली, मेणबत्त्या आणल्या. आणि तिथे पोचल्यावर लक्षात आलं, ठेवायच्या कुठे? एकही कबर नव्हती. नव्या गावात अजून आपलं कोणी मेलंच नव्हतं!

दुर्गहून सायकलवर आलेले पाळकसाहेब पुनरुत्थानावर बोलायला उभे राहिले. मामाजींनी ते रिकामं रान पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण साहेब, इथून उठणार कोण?"

पाळकसाहेबांनाही हसू आलं. फुलं आम्ही घरी आणून तांब्यात ठेवली.

*

त्याच उन्हाळ्यात अन्नम्माची तान्ही मुलगी तापाने गेली. आदल्या बुधवारी ती अप्पच्चनच्या मांडीवर खेळत होती.

कारखान्याची मशिनं ज्या लाकडी खोक्यांतून येत, त्यांच्या फळ्यांची पेटी केली. मार्थाबाईंनी लेकराला आंघोळ घातली. माती देऊन झाली, गीत झालं, लोक पांगायला लागले, पण अन्नम्मा ढिगापाशी बसली ती जागची हलेना. एवढ्या मोठ्या रानात तो एकच मातीचा ढीग, हातभर. पाळकसाहेबांनी समजावलं की बाळ प्रभूच्या कुशीत आहे. मार्थाबाईंनी समजावलं. नवऱ्याने हात धरला, तर तिने झिडकारला. मोडक्या हिंदीत ती एकच म्हणत होती, "यहाँ कोई नहीं है. वो अकेली है."

अप्पच्चन नुसते उभे होते. मला रडू आवरत नव्हतं. माझंही लेकरू तेव्हा कडेवर होतं.

मामाजी पुढे झाले. चपला काढल्या. धोतर सावरलं आणि त्या ढिगाच्या बाजूला मुरुमावर सरळ आडवे झाले! मिस्टर धावलेच, त्यांना वाटलं बाबांना चक्कर आली.

"काही झालं नाही मले," मामाजी निजल्या निजल्या म्हणाले. "जागा पुरते का, ते पाहून राहिलो."

मग मान वळवून अन्नम्माला म्हणाले, "बेटी, घर जा. ये जगह मेरी है. मैं आऊँगा इसके पास."

अन्नम्मा रडायची थांबली. त्यांच्याकडे पाहत राहिली, मग मार्थाबाईंचा हात धरून उठली. अप्पच्चननी मामाजींना उठवलं आणि आपल्या पंच्याने त्यांची पाठ पुसत राहिले.

मिस्टरांनी चपला उचलून आणल्या. खाली बसून त्यांच्या पायात घालताना हळूच विचारलं, बाबा, आणि नागपूर? आईला शब्द दिला होता ना तुम्ही?

"तुही माय मोठी आहे, तिले समजते," मामाजी म्हणाले. "हे लहान आहे."